मेंढरांमधला फोटो

माझा भाऊ मेंढरांना भ्यायचा. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण त्याच्याविषयी आजवर जे काही छापून आलं त्यात हे कुठंच नाही. आम्ही कवठे महांकाळच्या बाजूला माळावर होतो तेव्हा एका एडक्यानं त्याला ढुशी देऊन बाभळीच्या काट्यांत लोटलं होतं. समोरचा अर्धा दात तेव्हाच गेला. त्यानंतर तो कळपाच्या अंगाला कधी गेला नाही, आणि थोड्याच दिवसांत कळपही राहिला नाही. पाऊस हटला, माळ करपला, आबांनी उरलीसुरली मेंढरं विकली आणि आई, दादा, मी, दोन घोंगड्या आणि एक पितळी हंडा असं सगळं एका ट्रकमध्ये घालून सांगलीला आणलं. दादा आठ-नऊ वर्षांचा होता, मी कडेवर होते. जो मुलगा पुढं 'मेंढरांमागून आलेला वारा' म्हणून दोन जिल्ह्यांना ठाऊक झाला, तो वाढला हळदीच्या पेठेत, पोत्यांच्या थप्प्यांमधल्या बोळांत.

आबा हळदीच्या गोदामात हमाल होते. त्या दिवसांतलं आमचं घर मला आठवतं ते पिवळं. आबा संध्याकाळी अंगोळीला बसले की मोरीतून पिवळं पाणी वाहायचं. त्यांच्या सदऱ्याच्या काखा पिवळ्या, उशीचा अभ्रा पिवळा, भाकरी मोडली की तिच्या कडेला त्यांच्या बोटांचा पिवळा ठसा. माझी शाळेची पुस्तकं आबांना उघडून बघायची फार हौस. त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं आली की पान धरून ठेवायचे, त्यामुळं इतिहास-भूगोलाच्या प्रत्येक चित्राखाली हळद लागलेली असायची. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून हळद घासायचं मोठं पिंप फिरे. त्याचा खडखडाट सकाळी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत थांबत नसे. आम्ही सगळे त्यामुळं मोठ्यानं बोलायला शिकलो होतो. पाहुणे आले की म्हणायचे, "भांडताय व्हय रं?" आई हसून म्हणायची, "न्हाई वो, जेवायला बोलवतीया."

दादा पळायला शिकला तो इथं. सौद्याच्या दिवशी शेतकऱ्यांच्या पोत्यांतले नमुने एका दलालाच्या आडतीवरून दुसऱ्याच्या आडतीवर पोचवायचे असत. व्यापारी टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे, आणि तो ठरायच्या आत नमुना समोर यायला हवा. शाळा सुटली की दादा हे काम करी. दोन्ही ओंजळी हळकुंडांनी भरलेल्या, हात हलवायची सोय नाही, बोळात बैलगाड्या, हमालांच्या रांगा, सांडलेली हळकुंडं. त्यातून तो असा जायचा की कुणाला धक्का लागत नसे. पुढं कॉलेजात फिजिकलच्या माने सरांनी त्याला पहिल्यांदा पळताना पाहिलं तेव्हा विचारलं, "हात का रं असं धरतोस, परसाद घेतल्यागत?" ते हात सरळ करायलाच सरांना एक हिवाळा लागला.

माने सर साताऱ्याकडचे, ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरातले, फौजेतून निवृत्त होऊन कॉलेजात आलेले. बोलण्यात मधूनच हिंदी. दादानं पहिली शर्यत अनवाणी पळून जिंकली, कारण त्याच्याकडं बूट नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात सरांनी पलटणीतल्या कुण्या दोस्ताकडून खिळ्यांचे जुने बूट मागवले. दादानं ते घरी आणले तेव्हा आईनं ते देवाजवळ ठेवून त्यांना हळदकुंकू लावलं. त्यानंतर तो अनवाणी एकही शर्यत पळला नाही. सरांनी त्याला अंडी आणि दूध सांगितलं होतं. आई अंडी उकडून हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्यात कुस्करायची, कारण नुसतं अंडं दादाला जात नसे. लसणीचा खरडा, बाजरीची भाकरी, ते माडगं, एवढं जेवून दादा मैदानावर जायचा. त्याच्या ढेकरांवरून त्याची चेष्टा व्हायची.

चेष्टा ढेकरांवर थांबत नव्हती. तो पळायला उभा राहिला की बाकांवरून पोरं ओरडायची, "बॅऽऽ! बॅऽऽ!" एक जण सुरू करायचा आणि मग सगळा घोळका मेंढरांसारखा बेंबाटायचा. आमचं आडनाव फळ्यावर लागलं की जात सांगायची गरज उरत नसे. दादा मान खाली घालून बुटाच्या नाड्या बांधायचा. मी एकदा रडले, तर मला म्हणाला, "सुमे, तू पुस्तकात बघ. मला ऐकू येत न्हाई. पिंपाशेजारी वाढलोय मी."

मग जोगळेकर आले. सांगलीच्या एका दैनिकात ते खेळाचं पान लिहीत. सायकलवरून यायचे, तोंडात पान, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं इतकं गोड की आई त्यांच्यासाठी चहात वेलदोडा घालायची. त्यांच्याविषयी माझ्या मनात आज राग नाही. त्यांचा दादावर खरा जीव होता. पण त्यांना दादा जसा होता तसा पुरेसा वाटत नव्हता.

"बाबा, हा लहानपणी मेंढरांमागं पळत असेल ना?" त्यांनी आबांना विचारलं. आबा भिंतीला टेकून बसले होते. पेठेत त्यांना कुणी 'काय करता' म्हणून विचारलं तर ते 'हमाली' असं म्हणत नसत. म्हणत, "आमची मेंढरं हुती." एवढ्या वर्षांत त्यावर पुढचा प्रश्न कुणी केला नव्हता. आता एक शिकलेला माणूस पेन उघडून समोर बसला होता.

"पळायचा तर!" आबा म्हणाले. "कोकरू चुकलं की ह्यो त्येच्यामागं. लांडगा आला की लांडग्यामागं."

"लांडग्यामागं?" जोगळेकरांचं पेन चालू लागलं. "अनवाणी?"

"माळावर कुठली पायताणं, सायेब."

दादा दारात उभा होता. जोगळेकर गेल्यावर तो म्हणाला, "आबा, मी कवा लांडग्यामागं पळालो?"

आबांनी विडी पेटवली. "पळाला असतास की. ऱ्हायलो असतो तर."

 मला वाटतं, दादाला त्या क्षणी आबांची गरज कळली, आणि पुढं जे झालं त्यात तो म्हणूनच अडून बसला नाही.

लेख आला. 'मेंढरांमागून आलेला वारा', खाली 'कवठ्याच्या माळावरचा अनवाणी धनगरपुत्र'. हॉटेलांतून, केशकर्तनालयांतून तो मोठ्यानं वाचला गेला. मग दुसऱ्या पत्रानं लिहिलं, मग पुण्याच्या. प्रत्येकानं आधीच्याचं घेऊन त्यात भर घातली. लांडग्यांची संख्या वाढत गेली. हळदीची पेठ एकाच्याही लेखात आली नाही. आबा मला सगळं पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे. गोदामातले हमाल त्यांना आता 'धनगरराजे' म्हणू लागले होते, अर्धं चेष्टेनं, अर्धं आदरानं. आणि मैदानावरचं ते 'बॅऽऽ' थांबलं नाही, उलट वाढलं. फक्त आता ती शाबासकी झाली होती. दादा उभा राहिला की अख्खं मैदान कौतुकानं बेंबाटायचं, पोरीसुद्धा. एकदा घरी येऊन बूट काढता काढता तो म्हणाला, "आधी बॅ करायची तवा निदान कळायचं, आपला कोण न्हाई त्ये. आता कायच कळंना."

माझी नातवंडं मला विचारतात, एवढा नावाजलेला होता तर त्याला आवडत नव्हतं का? आवडत होतं. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता, हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नव्हता, कोण खूष होणार नाही! पण त्याला हवं होतं ते वेगळं. पंजाबात देशातल्या निवडक धावपटूंचं शिबिर भरायचं. साताऱ्याच्या आंतरकॉलेज स्पर्धेत पहिला येईल त्याचं नाव तिकडं जाणार होतं. माने सरांनी आमच्या उंबऱ्यावर बसून आबांना सांगितलं होतं, "एकदा तिथं पोचू दे ह्याला. तिथं कोन जात इचारत न्हाई, मेंढरं इचारत न्हाई. घड्याळ बघत्यात फकस्त." दादा त्या वाक्यावर जगत होता. झोपताना मला म्हणायचा, "सुमे, पंजाबात हळदीचा वास येत नसंल न्हाई?"

साताऱ्याला मी आणि आबा कॉलेजच्या बसनं गेलो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडं बघत आबा दिवसभर डोक्याला पटका बांधून बसले होते. एरवी ते टोपी घालायचे. लोक त्यांना बघायला येत होते. दादा खिळ्यांचे बूट घालून मैदानात उतरला तेव्हा गर्दीत नाराजी पसरली. "बूट काढ! ए वाऱ्या, बूट काढ!" आधी दोघं-तिघं, मग सगळी बाजू टाळ्यांवर म्हणू लागली, "बूट काढ! बूट काढ!" आबाही उठून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मला गोंगाटात ऐकू आलं नाही, आणि मी नंतर कधी विचारलं नाही.

दादानं माने सरांकडं बघितलं. सरांनी फक्त मान हलवली, नाही अशी. दादा बूट घालूनच पळाला आणि पहिला आला. इतका स्पष्ट पहिला, की दोरी छातीला लागली तेव्हा मागचे सगळे अजून एका घोळक्यात होते. तो घोळका तसाच पुढं आला, दादा थांबून वळला, आणि शेजारच्या पट्टीतला एक पोरगा तोल जाऊन त्याच्यावर आदळला. त्याच्या बुटाचा खिळा दादाच्या डाव्या घोट्यामागं शिरला. जखम दिसायला काहीच नव्हती, सुईनं टोचावं तशी, फक्त खोल. मैदानावरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सरांना म्हणाले, "सांगलीला पोचलात की आधी धनुर्वाताचं इंजेक्शन द्या." सर म्हणाले, "जरूर."

सर विसरणारे गृहस्थ नव्हते. पण कऱ्हाडला बस थांबवून लोकांनी हार घातले. सांगलीच्या वेशीवर ट्रक सजवून ठेवला होता, बँड होता, गुलाल होता. दादाला बसमधून थेट ट्रकवर चढवलं. सर मागं खाली राहिले, गर्दीत त्यांची टोपी पडली, ती शोधताना मी त्यांना पाहिलं. मिरवणूक संपेपर्यंत दवाखाने बंद झाले होते. 'उद्या सकाळी' असं ठरलं.

उद्या सकाळी जोगळेकर जीप घेऊन आले. बरोबर पुण्याहून आलेला फोटोग्राफर. त्यांना दादाचा फोटो हवा होता, मेंढरांमध्ये. आता आमच्याकडं मेंढरं कुठली? दादा म्हणाला, "तेवढं नको, सायेब." पण आबा अंगोळ करून, पटका बांधून तयार होते. मायाप्पा म्हणून आबांचा चुलतभाऊ होता, त्यानं कळप राखला होता. त्या आठवड्यात त्याची मेंढरं सांगलीच्या पूर्वेला एकाच्या रानात बसवली होती. लेंड्यांचं खत व्हावं म्हणून शेतकरी रानात मेंढरं बसवून घेत, तशी. जीप तिथं गेली, मीही मागं बसले होते. दादानं जाताना सरांसाठी निरोप ठेवला की आल्यावर इंजेक्शनला जाऊ.

त्या रानात रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्या-मुताचा ओला थर होता. फोटोग्राफर बुटांकडं बघून हसला. दादानं बूट काढले. मग फोटोग्राफर म्हणाला, "ती पांढरी पट्टी फार उठून दिसतेय हो." दादानं पट्टीही सोडली. आबांनी स्वतःचा पटका त्याच्या डोक्याला बांधला, मायाप्पानं खांद्यावर घोंगडी टाकली आणि हातात एक कोकरू दिलं. दादा भ्याला होता. कोकरू त्यानं छातीपासून लांब धरलं होतं, नमुन्याची हळकुंडं धरायचा तसं. "जवळ घे रं," मायाप्पा म्हणाला, "त्ये काय चावतंय व्हय? तुझ्या आज्जानं शंभर वाढवली अशी!" सगळे हसले. एका एडक्यानं मागून धक्का दिला आणि दादाचा डावा पाय त्या चिखलात घोट्याच्या वर गेला.

नंतर पाय धुतला. जखमेतून थोडं रक्त आलं. आबांनी कनवटीचा बिरोबाचा भंडारा काढून तिथं दाबून बसवला. आमच्यात लागलं-खुपलं की हेच करायचे, आबांच्या अंगावरही अशा पिवळ्या खुणा होत्या आणि त्या सगळ्या बऱ्या झालेल्या. फोटोग्राफरला ते फारच आवडलं. बाप लेकाच्या पायाला भंडारा लावतोय, असा अजून एक फोटो त्यानं घेतला. दादा परत आला तेव्हा जखमेचं तोंड बंद झालं होतं, वर पिवळी खपली. सर इंजेक्शनचं म्हणाले तर आबा म्हणाले, "भरली की सर ती. बघा तरी." सरांनी वाकून बघितली. खरंच भरली होती.

पुढं मी शिक्षिका झाले, मुलांना आरोग्यशास्त्र शिकवलं. अरुंद, खोल आणि वरून बंद झालेली जखम, आत जनावरांच्या शेणातली माती. त्या धड्याचं ते पान मी दरवर्षी दुसऱ्या कुणा शिक्षकाला घ्यायला सांगत असे.

आठवड्यानंतर कॉलेजच्या सभागृहात सत्कार होता. शिबिराला नाव गेलं असल्याचं तिथं जाहीर होणार होतं. सकाळी दादा भाकरी अर्धी टाकून उठला. "आये, भाकरी कडक झालीया. जबडाच दुखतोय." आई म्हणाली, "हारांनी मान आखडली असंल. वंगाळ नजरा असत्यात लोकांच्या." तिनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. सभागृहात मी मागं बसले होते. भाषणं चालू होती आणि दादा व्यासपीठावर सारखा हसत होता. आधी मला बरं वाटलं. मग वाटलं, हे काय? अर्धा दात तुटल्यापासून दादा तोंड मिटून हसायचा, वर हात धरून. आता ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले, दात उघडे, भुवया वर चढलेल्या. भाषण दुःखाचं असो की गमतीचं, ते हसू हलत नव्हतं. प्राचार्य त्याच्या दिवंगत आजोबांविषयी बोलले तेव्हाही तो हसत होता. डोळे मात्र मला शोधत होते. जोगळेकरांनी फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर आला. खाली लिहिलं होतं, 'विजयी हास्य'.

तो अंक दारात पडला तेव्हा दादा दवाखान्यात होता.

धनुर्वाताच्या रोग्याला उजेड चालत नाही आणि आवाज चालत नाही. साधं भांडं पडलं, दार वाजलं, तर शरीर धनुष्यासारखं वाकतं. टाच आणि डोकं तेवढं खाटेला, मधलं सगळं अधांतरी. शुद्ध मात्र पूर्ण असते. हे सगळं डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात हळू आवाजात सांगितलं आणि मग आईकडं बघून म्हणाले, "तुमच्या घरातली माणसं मोठ्यानं बोलतात. इथं कुजबुजायचंसुद्धा नाही." खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. दादाच्या कानांत कापूस घातला होता. आई त्याच्या उशाशी बसली ती बसलीच. तिनं हातातल्या बांगड्या काढून पदरात बांधल्या, त्या वाजायच्या म्हणून. सवाष्णीनं हात मोकळे ठेवलेले बघून परिचारिकाही चपापली.

जोगळेकरांनी लिहिलं की वारा मृत्यूशी शर्यत लावतोय. त्यांनी चांगल्या मनानं लिहिलं असेल. पण दुपारपर्यंत दवाखान्याच्या फाटकाशी दीड-दोनशे माणसं जमली. कॉलेजची पोरं होती, पेठेतली होती, नुसती बघायला आलेलीही होती. कुणीतरी त्याच्या नावानं घोषणा दिली. आणि मग धीर द्यायचा म्हणून, प्रेमानं, ती पोरं सगळी मिळून ओरडली, "बॅऽऽ!"

मी तेव्हा खोलीत होते. जे बघितलं ते लिहिणार नाही.

मी बाहेर पळाले. पण ओरडणाऱ्या गर्दीला गप्प कसं करायचं, आवाज न करता? मी फाटकाशी गेले आणि एकेकाच्या समोर उभी राहून हात जोडले. पहिल्याला कळेना. म्हणाला, "काय झालं, ताई? गेला?" मी नाही म्हणून मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं, मग पुढच्यासमोर. माने सर दुसऱ्या बाजूनं तसेच येत होते, पोरांचे खांदे धरून त्यांच्या कानाशी बोलत होते. हळूहळू ती शांतता गर्दीत पसरली. पोरं चपला हातात घेऊन परत गेली. जोगळेकर तिथंच रस्त्याकडेला सायकल धरून उभे होते. सायकलची घंटी त्यांनी मुठीत गच्च धरून ठेवली होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी माळावरची आमची माणसं आली. मायाप्पा पुढं, मागं भावकीतले बाप्ये, गळ्यात ढोल, हातात झांजा, कपाळं पिवळी. कुणी अडलं-नडलं की बिरोबापुढं ढोल घालायचा ही आमची रीत. इतक्या लांबून चालत ती माणसं त्यासाठीच आली होती. दवाखान्यासमोर एक मोठा लिंब होता. त्याच्याखाली ती गोल करून उभी राहिली आणि मायाप्पानं टिपरू उचललं. आबा त्याच्या अंगावर धावून गेले आणि त्याचा हात वरच्यावर धरला.

"आण्णा, आवं काय करताय?" मायाप्पा आबांना आण्णा म्हणायचा.

"वाजवू नगंस."

"पोरासाठनं आलोय आमी. ढोल न्हाई वाजला तर द्येवाला कळायचं कसं?"

"द्येवाला मागनं कळू दे," आबा म्हणाले. त्यांचा आवाज कुजबुजण्याइतकाच होता, पण मायाप्पाचा हात खाली आला. "पोराला ऐकू जातंय."

 मायाप्पानं ढोल मांडीवर घेतला आणि तो खाली बसला. सगळे बसले. एकजणही परत गेला नाही. येणारेजाणारे बघायचे, लिंबाखाली पटकेवाली माणसं ढोलांच्या कातड्यावर तळहात टेकून गप्प बसलेली आहेत. वाऱ्यानं झांजा हलू नयेत म्हणून त्यांनी त्या घोंगडीत गुंडाळल्या होत्या. दुपारी त्यांच्यातला एक जण भाकऱ्या वाटायचा. चावायचेसुद्धा हळू. मी खिडकीच्या कापडाच्या फटीतून त्यांना बघायची आणि मग दादाकडं बघायची. त्याच्या तोंडावर अजून ते हसू होतं. तो डोळ्यांनी काहीतरी विचारायचा. मला वाटायचं शिबिराचं विचारतोय. मी त्याच्या तळहातावर बोटानं 'पंजाब' लिहायची, एकेक अक्षर. त्याची बोटं माझ्या बोटावर किंचित मिटायची.

एका सकाळी, नाश्त्याच्या वेळी, ती बोटं मिटली नाहीत. डॉक्टर आले, वाकले, बराच वेळ वाकून राहिले. चेहऱ्यावरचं ते ताणलेलं हसू हळूहळू सैल झालं आणि किती दिवसांनी त्याचं तोंड मिटलं. परिचारिका खिडकीशी गेली आणि काळं कापड बाजूला केलं. मग आईच्या खांद्याला हात लावून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता रडलात तरी चालेल, बाई."

आई रडली नाही. तो नेहमीचा आवाज ऐकून तिनं दचकून दादाकडं बघितलं, आणि तो हलला नाही, हे तिला दिसलं. पण समजलं असं वाटलं नाही.

आबा बाहेर गेले. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं दिसलं. ते रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले. त्यांना येताना बघून मायाप्पा उठला, मागोमाग सगळे उठले. आबा त्यांच्यासमोर उभे राहिले. पटका डोक्यावरून काढून त्यांनी हातात घेतला होता.

"वाजवा आता," ते म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं. "त्येला आता काय हुत न्हाई."

कुणाचा हात उठेना. आबांनी मायाप्पाच्या गळ्यातला ढोल ओढून आपल्या गळ्यात घातला आणि स्वतः टिपरू मारलं.

पहिली थाप खिडकीतून आत आली, तशी आईनं झडप घातली आणि दोन्ही तळहातांनी दादाचे कान झाकले. बाहेर मग दुसरा ढोल लागला, तिसरा लागला, सगळे लागले. आई त्याच्यावर वाकून, दात आवळून, कान गच्च धरून बसली होती. परिचारिका तिचे हात सोडवायला पुढं झाली. मी तिला मान हलवून नाही म्हटलं.